मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात लवकर कामाला लागायचंय? मग शिकतानाच या गोष्टी करा

पदव्युत्तर परीक्षेचा निकाल लागला त्या दिवसापासून मी नोंदणीकृत समुपदेशक म्हणून पहिल्या क्लायंटसमोर बसले, त्या दिवसापर्यंत मधे चौदा महिने गेले. त्यातले पाच टळण्यासारखे नव्हते. पात्रता परीक्षा, अर्ज, छाननी यांना वेळ लागतोच. उरलेले नऊ महिने मात्र केवळ माहिती नसल्यामुळे गेले. केलेल्या कामाचे कोणते तास धरले जातात हे उशिरा कळलं, एक सही राहून गेली, आणि जीव देण्याच्या विचारांबद्दल क्लायंटला थेट विचारायची इतकी धास्ती होती की दोन मुलाखतींत मी नेमकी तिथेच अडखळले. आता माझ्या हाताखाली विद्यार्थी शिकायला येतात आणि तेच प्रश्न घेऊन येतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि अजून प्रवेशाचा फॉर्म भरत असलेल्यांसाठी.

घाई का करायची, असं कुणी विचारेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या ‘मानसिक आरोग्य अॅटलास’ या अहवालानुसार जगात दर एक लाख लोकांमागे मानसिक आरोग्याचं काम करणारे साधारण १३ जण आहेत. गरीब देशांत हा आकडा दोनच्याही खाली जातो, श्रीमंत देशांत साठच्या वर. दुसरीकडे, २०१९ साली दर आठ माणसांतल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार होता. म्हणजे तुमची वाट बघत लोक खरोखरच थांबलेले आहेत. पण लवकर जाणं म्हणजे अर्धवट शिकून जाणं नव्हे. प्रशिक्षणातला एकही आवश्यक तास गाळायचा नाही, गाळायचा तो रिकामा वेळ.

१. शेवटचा फॉर्म सगळ्यात आधी वाचा

अभ्यासक्रमाची पुस्तिका नंतर वाचली तरी चालेल. आधी तुमच्या देशात किंवा राज्यात या व्यवसायाची नोंदणी जी संस्था करते तिचा अर्जाचा नमुना उतरवून घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. दोन वर्षांनी तुम्हाला जे सिद्ध करायचं आहे ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. वाचताना या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून काढा:

- माझी पदवी मान्यताप्राप्त यादीत आहे का? विद्यापीठाच्या जाहिरातीत नाही, नोंदणी संस्थेच्या स्वतःच्या यादीत.
- प्रत्यक्ष कामाचे एकूण किती तास लागतात, आणि त्यातले किती क्लायंटसमोर बसून?
- सुपरव्हायझर (माझ्या कामावर देखरेख करणारा अनुभवी माणूस) कोण असू शकतो? कोणत्या शाखेची नोंदणी, किती वर्षांचा अनुभव?
- शिकत असताना केलेले तास धरतात की पदवीनंतरचेच?
- तास पूर्ण करायला मुदत आहे का?

दुसऱ्या प्रश्नाला हलकं घेऊ नका. उदाहरणार्थ, अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या केक्रेप या संस्थेच्या निकषांनुसार प्रॅक्टिकमचे, म्हणजे पहिल्या प्रत्यक्ष सरावाचे, १०० तास लागतात, त्यातले ४० थेट क्लायंटसोबतचे. पुढे इंटर्नशिपचे ६००, त्यातले २४० थेट. अहवाल लिहिणं, बैठकांना बसणं, फाइली लावणं हे सगळं एकूण तासांत जातं, थेट तासांत जात नाही. एकूण आकडा भरला म्हणून निश्चिंत झालेल्या आणि शेवटच्या महिन्यात थेट तासांसाठी धावाधाव करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी बघते.

दुसरा धोका असा की तुम्ही शिकत असतानाच नियम बदलतात. ऑस्ट्रेलियात मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी चार वर्षं शिक्षण आणि दोन वर्षं देखरेखीखाली काम असा एक मार्ग होता, तो २०२२ मध्ये बंद झाला. भारतात एम.फिल. पदवी बंद करण्याचा निर्णय झाला, मग चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकारविषयक समाजकार्य या दोन शाखांना २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. त्या काळात प्रवेश घेणाऱ्यांची केवढी ओढाताण झाली असेल! म्हणून दर सहा महिन्यांनी नियम पुन्हा वाचा. शंका असेल तर नोंदणी संस्थेला ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेल्या उत्तराचा पुढे काही उपयोग होत नाही.

२. आत जायला एकच दार नाही

आपण मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक अशी एकच पाटी डोळ्यांसमोर ठेवतो आणि ती मिळेपर्यंत बाहेर थांबतो. पूर्ण परवाना लागत नाही पण खरी गरज आहे अशी कामं बरीच असतात. हेल्पलाइन, पुनर्वसन केंद्र, शाळेतलं साहाय्य, वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते, रुग्णालयात पहिली माहिती घेणारा साहाय्यक. शिकत असताना यांतलं एखादं काम केलंत तर निकालाच्या दिवशी तुम्ही नवखे नसता.

नेमक्या, मर्यादित कौशल्यावर उभं राहून चांगलं काम होतं याचे दाखले आहेत. इंग्लंडने २००८ पासून एक नवीन भूमिका मोठ्या प्रमाणावर तयार केली. पदवीधरांना सुमारे वर्षभर, नोकरी करता करता प्रशिक्षण द्यायचं आणि सौम्य ते मध्यम नैराश्य-चिंता असलेल्यांना ठरलेल्या पद्धतीने मदत करायला त्यांना तयार करायचं. झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये आरोग्यकेंद्राच्या आवारातल्या बाकावर आज्यांना बसवलं आणि समस्या सोडवण्याची एक साधी उपचारपद्धत शिकवली. २०१६ मध्ये ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात सहा महिन्यांनंतर या गटाची लक्षणं तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होती. या दोन्ही ठिकाणी शिकवायचा भाग थोडा ठेवला, पण तो पक्का करून घेतला, आणि मागे देखरेख करणारं माणूस कायम होतं. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन धोकादायक ठरतात, हे मी जाणूनबुजून इथे लिहिते आहे.

एक सावधगिरी. विद्यार्थी असताना स्वतःची ओळख ‘मानसशास्त्रज्ञ’ किंवा ‘थेरपिस्ट’ अशी कधीही करून देऊ नका, समाजमाध्यमांवरही नाही. बऱ्याच ठिकाणी ही नावं कायद्याने राखीव असतात. ‘मी शिकते आहे, माझ्या कामावर अमुक सुपरव्हायझरची देखरेख आहे’ असं सरळ सांगा. क्लायंटचा विश्वास त्याने कमी होत नाही.

३. फाइल पहिल्याच महिन्यात तयार करा

एक कागदी आणि एक संगणकावरची, अशा दोन. त्यात हे असू द्या:

- ओळखपत्र, सर्व गुणपत्रिका, प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाचा तपशील (संस्था हा तपशील हमखास मागते, आणि विभागाकडून तो मिळायला आठवडे लागतात)
- चारित्र्य पडताळणीचा दाखला, त्याच्या वैधतेची तारीख मोठ्या अक्षरांत
- प्लेसमेंटचा, म्हणजे प्रत्यक्ष सरावासाठी मिळालेल्या जागेचा, लेखी करार, त्यावर तुमची, संस्थेची आणि विद्यापीठाची सही
- सुपरव्हिजनचा करार आणि सुपरव्हायझरच्या नोंदणीपत्राची प्रत
- तासांचं लॉगबुक
- व्यावसायिक दायित्व विमा, जिथे लागतो तिथे
- गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्राची प्रत
- कार्यशाळांची प्रमाणपत्रं, पण मोजकी

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं. एका वीकेंडात ‘प्रमाणित थेरपिस्ट’ करून देणारे कोर्स सगळीकडे बोकाळले आहेत. नोंदणीसाठी त्यांचा उपयोग शून्य असतो. हातात पैसे असतील तर ते जास्तीच्या सुपरव्हिजनवर खर्च करा.

४. प्लेसमेंटची जागा निवडताना प्रश्न विचारा

नावाजलेली जागा मिळाली की आपण हुरळून जातो. मोठ्या संस्थेत सहा महिने कोपऱ्यात बसून निरीक्षण करण्यापेक्षा छोट्या जागी आठवड्याला चार क्लायंट बघायला मिळणं कितीतरी मोलाचं आहे. भेटायला जाल तेव्हा विचारा. मला थेट काम कोणत्या आठवड्यापासून मिळेल? माझं काम प्रत्यक्ष कोण बघेल? क्लायंटच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर त्या क्षणी मी कोणाला बोलवायचं, आणि ती व्यक्ती त्या वेळी इमारतीत असते का?

शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर ती जागा सोडा. तसंच सुपरव्हिजन ‘जमेल तसं करू’ असं उत्तर आलं, किंवा पहिल्याच आठवड्यात तुम्हाला एकट्याने संध्याकाळची पाळी दिली, तरी सोडा. विद्यार्थी म्हणून नाही म्हणायला जड जातं हे मला ठाऊक आहे. विभागातल्या शिक्षकांना मधे घ्या, त्यासाठीच ते आहेत.

आता ज्यावर माझे नऊपैकी चार महिने गेले ती गोष्ट. एका संस्थेत मी सात महिने, आठवड्याला दोन दिवस काम केलं. माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या बाई अतिशय अनुभवी होत्या आणि त्यांच्याकडून मी खूप शिकले. पण त्यांची नोंदणी वेगळ्या शाखेची होती. अर्जाच्या छाननीत ते सगळे तास बाद झाले. संस्थेने किंवा त्यांनी मला फसवलं नव्हतं, कुणीच नियम वाचला नव्हता. पहिल्या दिवशी नोंदणीपत्राची प्रत मागितली असती तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

५. सुपरव्हिजन: सगळं खरं शिक्षण इथे होतं

या एका गोष्टीसाठी बाकी सगळ्यातून वेळ काढा.

बहुतेक विद्यार्थी सुपरव्हिजनला जाऊन केसची गोष्ट सांगतात. ‘ती आली, ती असं म्हणाली, मग मी असं म्हटलं, मग तिला बरं वाटलं.’ अशा सांगण्यात आपल्या नकळत आपण चांगले दिसतो. चुका गोष्टीतून गळून जातात. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात समुपदेशनाची सत्रं ध्वनिमुद्रित करून अभ्यासायला सुरुवात केली ती याच कारणासाठी. खोलीत खरोखर काय बोललं गेलं ते आठवणीतून कळत नाही. क्लायंटची लेखी संमती आणि संस्थेची परवानगी घेऊन सत्र रेकॉर्ड करा. ते जमत नसेल तर सत्र संपल्यावर लगेच दहा मिनिटांचा संवाद शब्दशः लिहून काढा.

मग माझी पद्धत अशी असते. पूर्ण सत्र ऐकवायचं नाही. जिथे तुम्हाला स्वतःला अवघडल्यासारखं झालं ती पाच मिनिटं निवडायची. एकच प्रश्न घेऊन जायचं. ‘ती गप्प झाली तेव्हा मी लगेच बोलायला लागले, का?’ इतका छोटा. सुपरव्हायझरने वेगळा प्रतिसाद सुचवला की तो तिथल्या तिथे मोठ्याने बोलून बघायचा, तीन-चार वेळा, जीभ वळेपर्यंत. कौशल्य कानाने शिकता येतं असं आपल्याला वाटतं, पण ते तोंडाने म्हटल्याशिवाय येत नाही.

चूक झाली असेल तर सुपरव्हिजनची सुरुवात तिथूनच करा. मी एकदा एका क्लायंटला सत्राच्या वेळेबाहेर माझ्या स्वतःच्या फोनवरून दिलासा देत राहिले आणि तीन आठवडे ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा सुपरव्हायझर रागावल्या नाहीत. फोनच्या वेळा कशा ठरवायच्या, क्लायंटला ते दुखावल्याशिवाय कसं सांगायचं, हे आम्ही तासभर रोल-प्ले करून, म्हणजे क्लायंट आणि समुपदेशक अशा भूमिका घेऊन, बघितलं. ते तीन आठवडे मात्र त्या क्लायंटसाठी फार गोंधळाचे गेले. ते मला अजून बोचतं.

मित्रमैत्रिणींत सराव करायचा असेल तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तयार केलेला ‘इक्विप’ हा संच विनामूल्य उपलब्ध आहे. रोल-प्ले करायचा आणि ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण द्यायचे. त्यात क्लायंटला इजा होऊ शकेल असं वागणंही वेगळं नोंदवतात, जसं की टीका करणं किंवा खोटं आश्वासन देणं. तिघांचा गट करा. एक क्लायंट, एक समुपदेशक, एक निरीक्षक.

६. मोजकी साधनं, पण हातात बसलेली

पहिल्या वर्षाअखेर इतकं यायला हवं: पहिल्या भेटीत माहिती घेणं, गोपनीयता आणि तिच्या मर्यादा समजावणं, दोन-तीन चाळणी प्रश्नावल्या, एक छोटी ठरलेली उपचारपद्धत आणि योग्य ठिकाणी पाठवणं.

प्रश्नावल्यांत नैराश्यासाठी पीएचक्यू-९ (नऊ प्रश्न, ० ते २७ गुण) आणि चिंतेसाठी जीएडी-७ (सात प्रश्न, ० ते २१ गुण) यांपासून सुरुवात करा. दोन्ही मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, आणि दोन्हींत १० किंवा त्याहून जास्त गुण आले की नीट चौकशी करायची असा सर्वसाधारण संकेत आहे. १० गुण म्हणजे निदान झालं असं मात्र नाही. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एकूण गुण कितीही कमी असोत, त्या प्रश्नाला शून्याखेरीज उत्तर आलं तर माणूस खोलीतून जाण्याआधी त्यावर बोललंच पाहिजे. बेरीज करून फाइल मिटणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

छोट्या उपचारपद्धतींत ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ शिकून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तिची पुस्तिका खुली केली. पाच सत्रं असतात, त्यांत ताण हाताळणं, समस्या सोडवणं, थांबलेल्या कामांना पुन्हा हळूहळू हात घालणं आणि आधार देणारी माणसं जोडणं.

आता भाषेबद्दल, कारण आपल्यापैकी बहुतेकांची पुस्तकं इंग्रजीत असतात. क्लायंट ‘माझा मूड लो आहे’ असं म्हणेलच असं नाही. ‘कशात मन लागत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘डोकं जड झालंय’, ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘उगीच रडू येतं’ असं तो म्हणेल. हे शब्द गोळा करा. गोपनीयतेचा मुद्दा मराठीत, एका दमात, साध्या शब्दांत सांगायचा सराव करा: ‘आपलं बोलणं आपल्यातच राहील. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मला माझ्या वरिष्ठांना सांगावं लागेल, आणि शक्य असेल तर तसं मी आधी तुम्हाला सांगेन.’ कुणाला ‘तुम्ही’ म्हणायचं आणि कुणाला ‘तू’, हेही गृहीत धरू नका. सोळा वर्षांच्या मुलीलाही विचारा, ‘तू म्हणू की तुम्ही?’ आणि तुमच्यापेक्षा वयाने लहान असलेल्या प्रौढ माणसाला ‘अरे-तुरे’ करू नका. प्रश्नावलीचं भाषांतर मात्र घरी करू नका, तपासून प्रमाणित केलेली आवृत्तीच वापरा.

७. जीव देण्याच्या विचारांबद्दल विचारायला शिका

हे मी सगळ्यात उशिरा शिकले आणि तुम्ही सगळ्यात आधी शिकावं असं मला वाटतं. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही भीती संशोधनाने खरी ठरलेली नाही. उलट, पुष्कळांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं.

आडवळणाने विचारू नका. ‘तसले काही विचार नाहीत ना?’ या प्रश्नातच ‘नाही’ म्हणा अशी विनंती दडलेली आहे. असं विचारा: ‘इतका त्रास होतो तेव्हा काहींना जगू नये असं वाटतं. तुम्हाला तसं वाटतं का?’ हो म्हणाले तर पुढे: ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का? याआधी कधी प्रयत्न झाला होता का?’ आवाज सपाट आणि शांत ठेवा. हे प्रश्न आरशासमोर नाही, जिवंत माणसासमोर म्हणून बघा. पहिल्यांदा घसा दाटतो.

त्यानंतर सुरक्षा आराखडा. मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेल्या आराखड्याच्या सहा पायऱ्या आहेत: धोका वाढतोय हे सांगणाऱ्या खुणा, स्वतःचं स्वतः करता येईल असं काही, लक्ष दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक आणि तातडीच्या सेवा, आणि घातक वस्तू हाताशी राहू नयेत याची व्यवस्था. तो क्लायंटच्या शब्दांत, क्लायंटसोबत बसून लिहायचा असतो. ‘मी काही करणार नाही’ अशा वचनावर सही घेणं म्हणजे आराखडा नव्हे.

आणि विद्यार्थी म्हणून हा निर्णय कधीही एकट्याने घ्यायचा नाही. क्लायंट बसलेला असतानाच सुपरव्हायझरला बोलवा.

८. नोंदी त्याच दिवशी, सही त्याच आठवड्यात

सत्राची नोंद त्याच दिवशी लिहा. जे पाहिलं-ऐकलं ते आणि तुमचा अंदाज हे वेगवेगळं लिहा. स्वतःच्या फोनमध्ये क्लायंटचं नाव किंवा फोटो ठेवू नका. लॉगबुकवर दर आठवड्याला सही घ्या. माझ्या एका सुपरव्हायझरची बदली झाली आणि दोन महिन्यांच्या पानांवर सही नव्हती, त्यांचा पत्ता लागून कागद परत यायला अकरा आठवडे गेले.

दर आठवड्याचं काम संपलं की झोप कशी आहे, घरी बोलणं कमी झालंय का, हेही बघा. इतरांचं दुःख ऐकून आपल्यावर परिणाम होतो. तोही सुपरव्हिजनमध्ये बोलायचा विषय आहे, आणि स्वतः थेरपी घेणं चांगलं.

९. शेवटचे सहा महिने

पात्रता परीक्षेची तारीख, अर्ज उघडण्याची तारीख, निकालाआधी तात्पुरती नोंदणी मिळते का, हे सहा महिने आधी बघा. शिफारसपत्रं मागताना सुपरव्हायझरला तुमच्या तासांचा गोषवारा सोबत द्या. प्लेसमेंटच्या जागी नोकरीबद्दल स्पष्ट विचारा. तिथल्या फाइली, माणसं, पद्धती तुम्हाला माहीत असतात, त्यामुळे बऱ्याच जणांना पहिली नोकरी तिथेच लागते.

अभ्यासक्रम चालवणाऱ्यांना एक विनंती इथेच करते. प्रत्यक्ष काम शेवटच्या सेमिस्टरवर ढकलू नका. पहिल्या सेमिस्टरमध्ये हेल्पलाइनवर नुसतं शेजारी बसून ऐकलेला विद्यार्थी तिसऱ्या सेमिस्टरमध्ये वेगळाच प्रश्न विचारतो.

आणि अर्जांच्या गडबडीत तुमचे क्लायंट विसरू नका. तुम्ही जाणार हे त्यांना किमान चार सत्रं आधी सांगा, निरोपाच्या सत्रात नाही. पुढे कोण बघणार ते नावानिशी सांगा, शक्य असेल तर त्या व्यक्तीला शेवटच्या सत्रात दहा मिनिटं सोबत बसवा. हस्तांतराची नोंद लिहा, तिच्यावर सुपरव्हायझरची सही घ्या, आणि मगच तुमच्या किल्ल्या परत करा.